साठीनंतरची पहिली कादंबरी स्वखर्चानं छापायची, तर आधी काय आणि मग काय

टपाल खात्यातून मी साठाव्या वर्षी निवृत्त झाले आणि त्रेसष्टाव्या वर्षी पहिली कादंबरी स्वतःच प्रकाशित केली. मिरज जंक्शनवर रात्रपाळीला टपालाची वर्गवारी करणाऱ्या माणसांची गोष्ट. ५०० प्रती काढल्या. त्यातल्या २१२ आजही आमच्या दिवाणात आहेत आणि पाहुणे त्यांच्यावर झोपतात. दुसऱ्या कादंबरीच्या शंभरच काढल्या. त्या संपल्या, मग पुन्हा शंभर काढल्या. या दोन पुस्तकांच्या मधे जे कळलं ते क्रमानं सांगते.

स्वतः पुस्तक काढायचं म्हणजे एकाच घरात दोन माणसं नांदवायची. एक लेखक, दुसरा प्रकाशक. लेखकाला घाई असते. त्याला पुस्तक पंचाहत्तरीच्या समारंभाआधी हवं असतं, नाहीतर नातवाच्या मुंजीत वाटायला हवं असतं. प्रकाशक चिक्कू लागतो. प्रत्येक खर्चाला ‘कशाला?’ म्हणून विचारणारा. पहिल्या वेळी माझ्या घरात प्रकाशक नव्हताच. नुसती लेखिका होती आणि तिच्या हातात ग्रॅच्युइटीचे पैसे होते.

आणि स्वतः छापणं म्हणजे कमीपणा, हे मनातून काढून टाका. हरी नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक स्वतः काढलं आणि आपल्या कादंबऱ्या त्यातच क्रमशः छापल्या. मराठी कादंबरी ज्यांच्यामुळे उभी राहिली, ते स्वतःचे प्रकाशक होते.

१. आधी खर्डा पुरा करा

मुखपृष्ठाचा विचार, अर्पणपत्रिका, प्रस्तावना कुणाची घ्यायची हे सगळं खर्डा पुरा होईपर्यंत बंद. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ चार वर्षं अर्पणपत्रिकाच सुधारताहेत.

आपल्या वयात रोज चार तास बसणं जमत नाही. पाठ बोलते, डोळे बोलतात, बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो. रोज ३०० शब्द पुरतात. आठवड्याचे पाच दिवस धरले तर वर्षाला पाऊण लाखाच्या वर शब्द होतात, आणि मध्यम आकाराच्या कादंबरीला साठ हजार पुष्कळ झाले.

हातानं लिहायची सवय असेल तर हातानं लिहा, पण टंकन दुसऱ्याकडून करून घेऊ नका. पैशांसाठी म्हणत नाही. टंकताना जो दुसरा खर्डा आपोआप होतो, तो बुडतो. बोटं चालत नसतील तर गूगल डॉक्समध्ये बोलून टंकता येतं, मराठी चांगलं उमटतं. फक्त विरामचिन्हं नंतर घालावी लागतात, आणि मिरजेकडच्या बोलीतलं ‘आलंया, गेलंया’ त्याला पचत नाही. काहीही करा, मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर-मोबाइलवर तसाच वाचता येणाऱ्या अक्षरांत असू द्या. कारण पुढे अक्षरजुळणीत येईल.

आपल्या वयाच्या खर्ड्यांना एक खास रोग असतो: सगळं आयुष्य एकाच पुस्तकात भरायचं. बदलीची गावं, वाटणीचा दावा, आणीबाणी, १९७२ चा दुष्काळ, मुलीचं लग्न. माझ्या पहिल्या खर्ड्यात एक लाख दहा हजार शब्द होते. त्यातले पन्नास हजार काढले तेव्हा गोष्ट दिसायला लागली. काढलेलं फेकू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. माझी दुसरी कादंबरी त्यातूनच निघाली.

२. तीन वाचक, आणि जावई नको

खर्डा झाला की महिनाभर कुलूपबंद ठेवा. मग तीन जणांना वाचायला द्या. घरच्यांना देऊ नका. मुलगी ‘छान आहे गं’ म्हणणार आणि जावई सहा महिने ‘वाचतोय’ म्हणणार. एक वाचक असा हवा जो दर महिन्याला वाचनालयातून दोन-तीन कादंबऱ्या आणतो. दुसरा तुमच्या विषयातला, माझ्याकडे आरएमएसमधले, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेतले माझे जुने सहकारी होते. तिसरा तिशीच्या आतला.

‘कसं वाटलं?’ असं विचारलं की ‘छान’ एवढंच उत्तर येतं. त्यांना तीनच प्रश्न द्या: कुठे पुस्तक खाली ठेवलंत? कोणती दोन माणसं एकमेकांत मिसळली? कुठे पुढचं आधीच कळलं? तिघांनीही एकाच पानाजवळ पुस्तक खाली ठेवलं असेल, तर ते पान कितीही लाडकं असलं तरी जायला हवं.

याच टप्प्यावर आणखी एक तपासणी. उतारवयातल्या कादंबरीत नातेवाईक येतातच. दीर, जाऊ, वाटणीत अन्याय करणारा चुलता. नाव बदललं म्हणजे झालं असं नाही. गाव, नोकरी, लंगडता पाय आणि तीन मुली तशाच ठेवल्या तर माणूस ओळखू येतो, आणि ‘सर्व पात्रे काल्पनिक’ या ओळीमागे लपता येत नाही. अब्रुनुकसानी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. पण कोर्टापेक्षा गणपतीत घरी कुणी येईनासं होतं, त्याचीच भीती जास्त. दोन माणसांचं एक करा, बाईचा पुरुष करा, गाव बदला. बहुतेक वेळा पात्र त्यानं सुधारतंच.

३. प्रकाशकाला आधी विचारायचं का?

विचारा. दोन-तीन प्रकाशकांना गोषवारा आणि पहिली पन्नास पानं पाठवा आणि सहा महिन्यांची मुदत स्वतःलाच घाला. दरम्यान एखादा भाग दीर्घकथा म्हणून दिवाळी अंकांना पाठवा. उन्हाळा संपायच्या आत पाठवलेलं बरं, कारण गणपतीपर्यंत बहुतेक अंक भरलेले असतात. १९०९ च्या ‘मनोरंजन’च्या दिवाळी अंकापासून मराठी माणूस नवा लेखक तिथेच चाखून बघत आला आहे.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. तिच्या अटी त्या वर्षीच्या पत्रकात नीट वाचा. अर्ज हस्तलिखितावर करायचा असतो, म्हणजे पुस्तक छापून मोकळे झालात की ते दार बंद.

याच काळात तुम्हाला एक फोन येईल. आवाज गोड असतो. ‘आमच्या निवड समितीला तुमचं हस्तलिखित फार आवडलं.’ मग हळूच पॅकेज येतं. मला फोन आला तेव्हा पॅकेज ८५,००० रुपयांचं होतं, आणि मी हस्तलिखित पाठवलंच नव्हतं. पैसे घेऊन पुस्तक काढून देणं हा गुन्हा नाही, कित्येक जण चोख काम करतात. पण सही करण्याआधी चार गोष्टी कागदावर हव्यात: हक्क कुणाकडे राहणार, किती प्रती प्रत्यक्ष तुमच्या हातात येणार, जुळणीची मूळ फाइल मिळणार का, आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा क्रमांक, कुणाच्या नावानं असणार. ‘वितरण’ म्हणजे नेमकं काय, हेही विचारा. संकेतस्थळावर एक पान टाकणं, याला काही जण वितरण म्हणतात.

४. गणित

इथे प्रकाशकाला बोलवा आणि लेखकाला चहा करायला पाठवा.

डेमी, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकाराच्या पानात साधारण २८० ते ३०० शब्द बसतात. साठ हजार शब्द म्हणजे सुरुवातीची पानं धरून २०८ च्या आसपास पानं. प्रेस पानं मोजत नाही, फॉर्म मोजते. १६ पानांचा एक फॉर्म, २०८ म्हणजे बरोबर १३ फॉर्म. तुमची पानं २११ झाली तर चौदावा फॉर्म चढतो, किंवा अर्धा घ्यावा लागतो. तीन पानांसाठी पैसे जातात आणि शेवटी कोरी पानं राहतात. म्हणून जुळणी झाल्यावर तीन पानं कमी करता येतात का ते बघा. नेहमी येतात.

आता समजा, सोयीचे आकडे घेऊ. संपादन, मुद्रितशोधन, जुळणी आणि मुखपृष्ठ मिळून एकदाचा खर्च ३०,००० रुपये. छपाई-बांधणी प्रतीला १०० रुपये. पुस्तकाची किंमत ३०० रुपये.

वितरकामार्फत विकलं तर निम्मी किंमत त्याची. तुमच्याकडे १५० येतात, त्यातून छपाई वजा जाता ५० उरतात. एकदाचा खर्च भरून निघायला ६०० प्रती खपायला हव्यात. शिवाय पैसे वर्षभरानं येतात आणि न खपलेल्या प्रती कोपरे दुमडून परत येतात.

तुम्ही स्वतः ३०० रुपयांना विकलं आणि ४० रुपये टपालखर्च अंगावर घेतला, तर प्रतीमागे १६० उरतात. १८८ प्रतींत खर्च निघतो.

हा हिशोब वाचून ज्यांचा चेहरा उतरला त्यांना सांगते, माझाही उतरला होता. अनोळखी लेखकाची कादंबरी सहाशे अनोळखी माणसं विकत घेतील अशी आशा धरून छापू नका. १८८ माणसांची यादी करता येते का ते बघा. अक्षरशः यादी. वही घ्या आणि नावं लिहा: जुने सहकारी, सोसायटी, भिशी, शाळेचा व्हॉट्सॲप गट, माहेरचं गाव. माझी दुसऱ्या वेळची यादी १४३ वर थांबली, म्हणून शंभरच छापल्या.

एक नियम मात्र पाळा. मुदत ठेव मोडून पुस्तक काढायचं नाही. जे पैसे परत आले नाहीत तरी औषधपाण्याला धक्का लागणार नाही, तेवढेच यात.

५. संपादक वेगळा, मुद्रितशोधक वेगळा

संपादक गोष्ट बघतो: हे प्रकरण इथे का, हा माणूस मधेच कुठे गेला. मुद्रितशोधक अक्षर बघतो: ‘आणि’तली वेलांटी, तुटलेली जोडाक्षरं, पान ४० वरची शकुंतला ९० वर शकू झाली ती. एकाच माणसाला एकाच फेरीत दोन्ही करायला सांगू नका. आधी संपादन, मग जुळणी, मग मुद्रितशोधन, तेही कागदावर छापून. पडद्यावर चुका दिसत नाहीत.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम आहेत, १४ आधीचे आणि ४ १९७२ मधले. आपण शाळेत असताना मास्तरांनी अजून जुने अनुस्वार शिकवले होते, ते हातात बसलेले असतात. मुद्रितशोधकाला ते काढू द्या. पण संवादातली बोली त्यानं ‘शुद्ध’ करायची नाही, हे आधीच सांगा. माझ्या हमालाच्या तोंडी एकदा ‘मी येत आहे’ आलं होतं.

प्रकरणाच्या सुरुवातीला कवितेच्या ओळी घालण्याचा आपल्या पिढीला भारी सोस. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांच्या ओळी मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०६० उजाडेपर्यंत परवानगी हवी. सिनेगीतांचं तर विचारूच नका. सरळ सांगायचं तर त्या ओळी काढा. कुणाच्या तरी सुंदर कवितेच्या खाली आपलं गद्य ठेवणं हा आपल्यावरच अन्याय आहे.

तुमच्या स्वतःच्या हक्काचं काय? लिहिलं की तो हक्क तुमचा झाला, नोंदणी सक्तीची नाही. पुढे वाद होईल असं वाटत असेल तर ५०० रुपये शुल्क भरून नोंद करता येते.

६. आयएसबीएन आणि श्रेयपान

आयएसबीएन हा पुस्तकाचा १३ आकडी क्रमांक. दुकानं, वाचनालयं आणि ऑनलाइन विक्री त्यावरच चालते. भारतात तो फुकट मिळतो. शिक्षण मंत्रालयाच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेच्या संकेतस्थळावर लेखक स्वतः प्रकाशक म्हणून नाव नोंदवू शकतो. ओळखपत्र, पत्ता आणि पुस्तकाची माहिती द्यावी लागते. मंजुरीला वेळ लागतो, तेव्हा जुळणी चालू असतानाच अर्ज टाका. ‘आयएसबीएनचे दोन हजार’ असं कुणी म्हणालं तर ते त्याच्या फॉर्म भरण्याचे आहेत हे ओळखा. भरणं कठीण नाही, मी भरला. दोनदा परत आला, तिसऱ्यांदा गेला. कागदी आणि पुठ्ठा बांधणीला वेगवेगळे क्रमांक लागतात. तेच पुस्तक तसंच पुन्हा छापलं तर नवा लागत नाही.

श्रेयपानावर नाव, हक्क, प्रकाशक व मुद्रकाचं नाव-पत्ता, आवृत्तीची तारीख, किंमत. घरचा पत्ता छापायचा नसेल तर टपाल पेटी क्रमांक घ्या, आमच्या खात्याची ती जुनी आणि गुणी सोय आहे.

तारखेचं एक. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी स्वतंत्र विभाग असतो आणि त्यासाठी कॅलेंडर वर्ष धरतात. २८ डिसेंबर ही तारीख छापली की पुस्तक चार दिवसांत ‘गेल्या वर्षीचं’ होतं. थांबा आणि जानेवारी छापा.

७. अक्षरजुळणी: इथेच मी बुडाले

पुष्कळ मुद्रणालयांत अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट चालतात. तुमची युनिकोड फाइल त्यात बदलून घेतली जाते, आणि त्या बदलात काही अक्षरं मरतात. पहिला बळी ‘ऱ्य’. दुसऱ्या, कोऱ्या, शेतकऱ्यांना. माझ्या पहिल्या पुस्तकात ६४ व्या पानापासून पुढे ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालं होतं, तेही रफार चढवून. वाचताना जिभेला ठेच. मी शेवटचं प्रूफ न बघता ‘छापा’ म्हटलं होतं, त्यामुळे प्रेसवाल्याला काही बोलायलाही जागा नव्हती.

म्हणून हे करा. फाइल देण्याआधी जुळणी युनिकोडमध्ये होणार का ते विचारा. ‘नाही’ म्हणाले तर दुसरीकडे जा. मग एक चाचणी-पान द्या ज्यात हे शब्द असतील: दुसऱ्या, वाङ्मय, ॲसिड, उद्ध्वस्त, सद्गृहस्थ, शृंगार, ज्ञान. छापील कागदावर सातही नीट आले तर पुढे. ‘ऱ्य’ टंकताना इनस्क्रिप्ट कळफलकावर र ची कळ शिफ्टसह दाबायची, साधा र नाही. ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून टंका, ‘अ’वर चंद्र चिकटवून नको. दिसायला सारखं दिसतं, पण शोधताना सापडत नाही.

ल आणि श सुद्धा बघा. बऱ्याच फुकट देवनागरी फॉन्टमध्ये हिंदी वळणाची अक्षरं असतात. राज्य शासनानं नोव्हेंबर २००९ मध्ये मराठी वळणाचा, पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही असतात. जुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा ‘मराठी’ निवडली की वळण आपोआप बदलतं. जुळणी करणाऱ्या पोरानं मला सांगितलं, ‘काकू, एवढं कुणी बघत नाही.’ मी म्हटलं, मी बघते.

अक्षर मोठं ठेवा. आपले वाचक आपल्याच वयाचे आहेत. १३ पॉइंटच्या खाली जाऊ नका, ओळींत हवा ठेवा. एखादा फॉर्म वाढला तर वाढला. प्रकाशक म्हणून मी उधळपट्टी करते ती एवढ्याच एका ठिकाणी.

८. मुखपृष्ठ

चित्रकाराला पैसे द्या आणि हक्क लिहून घ्या. गूगलवरून उचललेलं चित्र चालत नाही. नाव लांबून वाचता आलं पाहिजे. मुखपृष्ठ मोबाइलवर नखाएवढं करून बघा, ऑनलाइन ते तेवढंच दिसणार आहे. नातीनं काढलेलं चित्र आत घाला.

पुस्तकाच्या कण्याची जाडी पानं आणि कागद ठरल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे मुखपृष्ठाची अखेरची फाइल शेवटीच.

९. छपाई

ऑफसेटला प्रत स्वस्त पडते, पण पाचशे-हजाराच्या खाली परवडत नाही. डिजिटलला प्रत महाग, पण पन्नास-शंभरही काढता येतात. पहिल्या कादंबरीला डिजिटल. ‘काकू, हजार काढल्या तर प्रत निम्म्यानं पडेल,’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. खरंच आहे ते. पण न खपलेली स्वस्त प्रत सगळ्यांत महाग.

तीन ठिकाणांहून लेखी दर घ्या. पुणे, कोल्हापूर आणि तुमच्या गावातला एक. दरात कर, लॅमिनेशन आणि वाहतूक धरली आहे का ते विचारा. कागद ७० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप), किंचित पिवळसर घ्या, पांढराशुभ्र डोळ्यांवर येतो. आधी एकच प्रत छापून घ्या. ती मधोमध पूर्ण उघडा, दोनदा पाठीमागे वळवा, पानं सुटतात का बघा. मग उरलेल्या ९९.

छापून झाल्यावर एक कायदेशीर काम असतं. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकानं ३० दिवसांच्या आत स्वखर्चानं चार ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईत एशियाटिक सोसायटीतलं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमरा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. पोचपावत्या जपून ठेवा. मला त्या चार पार्सलांवर पत्ते लिहिताना जी मजा आली, ती प्रकाशन समारंभात आली नाही.

१०. ई-पुस्तक

ॲमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे लेखकानं स्वतः पुस्तक काढायच्या त्यांच्या सोयीवर, मराठी किंडल पुस्तक फुकट चढवता येतं. पॅन, बँक खातं आणि एक करविषयक प्रश्नावली भरावी लागते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव एकच हवं. लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावांचा घोळ ज्या बायकांचा आहे, त्यांनी तो आधी मिटवा. रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के. भारतात ७० साठी केडीपी सिलेक्टमध्ये जावं लागतं, म्हणजे ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे ठेवता येत नाही. छापील प्रतींना ते बंधन नाही.

बुकगंगासारख्या मराठी संकेतस्थळावर छापील आणि ई-पुस्तक दोन्ही ठेवता येतात, आणि न्यू जर्सीतल्या भाचीला तिथूनच घेणं सोपं जातं. प्रेसची पीडीएफ ई-पुस्तक म्हणून देऊ नका, मोबाइलवर ती सारखी सरकवत वाचावी लागते. ईपब, म्हणजे पडद्याच्या मापानं मजकूर जुळवून घेणारी फाइल, करून घ्या.

११. विक्री

प्रकाशन समारंभ करायचा तर छोटा करा. हॉल, शाली, नारळ, फ्लेक्स यांत जेवढे जातात तेवढ्यात आणखी पन्नास प्रती निघतात. आणि समारंभात पुस्तक फुकट वाटू नका. फुकट मिळालेलं पुस्तक कपाटात जातं.

मला खरी विक्री मिळाली ती ज्येष्ठ नागरिक संघांत. प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो, त्यांना दर महिन्याला वक्ता हवाच असतो, आणि कादंबरी लिहिणारी निवृत्त बाई हा त्यांना आवडणारा विषय आहे. चाळीस मिनिटं बोला, पैकी दहा मिनिटं वाचून दाखवा. उत्कंठेच्या जागी थांबा. टेबलावर क्यूआर कोड ठेवा आणि सुटे पन्नास-शंभर घेऊन जा, कारण आपल्या मंडळींचा निम्मा व्यवहार अजून रोखीनं होतो. साठ माणसं असली तर आठ-दहा प्रती जातात. महिला मंडळात त्याहून जास्त जातात, पण तिथे एक प्रत सहा जणी वाचतात. वाचू द्या.

मग वाचनालयं. राज्यात अकरा हजारांहून जास्त शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यांची खरेदी अनुदानाच्या हप्त्याभोवती फिरते. ग्रंथपालांना भेटायला जाल तर सकाळी गर्दीच्या वेळी जाऊ नका, दुपारी जा. एक प्रत भेट द्या, कार्ड ठेवा, मागे लागू नका. आमच्याकडच्या एका ग्रंथपाल बाईंनी माझं पुस्तक ‘नवीन आलेली’च्या रॅकवर ठेवलं आणि तिथून अकरा जणांनी फोन करून स्वतःची प्रत मागवली.

दुकानात ठेवायचं तर पाच-पाच प्रती, लेखी पावतीवर, तीन महिन्यांनी हिशोब. पुण्यात अप्पा बळवंत चौकात फिरताना सगळ्या दुकानांत आपलं पुस्तक असावं असं वाटतं. मलाही वाटलं होतं. दोन दुकानं पुरे. साहित्य संमेलनात किंवा पुणे पुस्तक महोत्सवात एकट्यानं गाळा घेऊ नका. चार-पाच स्वप्रकाशित लेखकांनी मिळून घ्या, आळीपाळीनं बसा, पाठीला बरं.

छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे आणि फक्त पुस्तकंच विकणाऱ्याला त्यासाठी नोंदणी लागत नाही. पण कुणी किती घेतल्या, पैसे आले की उधार, याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. उधारी नातेवाइकांतच होते.

टपालानं पाठवताना (हे मी सांगणार नाही तर कोण) पुस्तक आधी प्लास्टिकमध्ये, मग पुठ्ठ्यात घाला, कोपऱ्यांना जास्त पुठ्ठा. पिनकोड ठळक लिहा. पुस्तकांसाठी सवलतीचा कोणता दर चालू आहे ते खिडकीवर दरवेळी विचारा, बदलत असतात.

१२. दुसरी छपाई

शंभरातल्या वीस प्रती उरल्या की पुढच्या छपाईचं बघा. तोपर्यंत एक दुरुस्त्यांची वही ठेवा आणि वाचक कळवतील ती प्रत्येक चूक पान-ओळीसह तिच्यात टिपा. वाचकांशी वाद घालू नका. दोन-चार अक्षरांच्या दुरुस्त्यांना नवा आयएसबीएन लागत नाही.

माझ्या दुसऱ्या कादंबरीत ११७ व्या पानावर पोस्टमन पांडुरंगचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, आणि १२१ व्या पानावर तो त्याच हातानं मनिऑर्डरच्या पावतीवर सही करतो. तीन वाचक, संपादक, मुद्रितशोधक आणि मी, कुणाच्याच लक्षात आलं नाही. तासगावच्या एका निवृत्त हेडमास्तरांनी पोस्टकार्डावर कळवलं. आता दुसऱ्या छपाईत पांडुरंग अंगठा उमटवतो, डाव्या हाताचा.